आबा घाडींच्या डाव्या कानाची स्थिती

कोकणातल्या आमच्या मसुऱ्यात आबा घाडींशी बोलायचं, तर वाक्य संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणावं लागतं. नाही म्हटलं, तर तुमचं बोलणं अजून संपायचं आहे असं धरून ते तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. फौजेत त्यांनी बावीस वर्षं वायरलेस सेटवर काढली. हवालदार होऊन घरी आले, पण सेट तिकडे ठेवून यायचं राहून गेलं असावं.

“बांगडो ताजो आसा? ओव्हर,” ते मासळीवालीला विचारतात.

“ताजोच आसा. पण तुमच्या ओव्हर-ओव्हरात शिळो होतलो!”

आबा रागावत नाहीत. मान हलवून “मिळाला” म्हणतात. निरोप मिळाला की पोच द्यायची, हा त्यांचा धर्म. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसालाही ते वेळ घालून, सही करून पोच देतात. तो बिचारा चिठ्ठी हातात धरून अंगणात घोटाळत राहतो. “सुहासा, पोच इली नाय म्हणजे निरोप गेलोच नाय,” असं आबा मलाही कितीदा बजावून गेलेत.

अशा माणसावर सरकारी उत्तराची वाट बघायची वेळ आली, आणि त्यात मी सापडलो.

बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी आबांनी अपंगत्व पेन्शनचा अर्ज माझ्याकडून भरला. हेडफोनमधला कर्कश आवाज आणि जवळ उडणाऱ्या तोफा यांनी त्यांचा डावा कान पूर्ण नेला आणि उजवा अर्धा ठेवला. नोकरीत त्यांनी हे लपवलं. कळलं असतं, तर सेटवरून उठवून कोठारात बसवलं असतं. त्यामुळे निवृत्तीच्या कागदांवर त्यांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

“पेन्शन नाय मिळाली तरी चलात,” ते म्हणाले. “माजो कान नोकरीत गेलो, इतक्या एका वळीत लिवन व्हया. ओव्हर.”

तेव्हापासून दर सोमवारी आबा लॉगबुक घेऊन दुकानात हजर. साइटवर दिसायचं, ‘अर्ज पुढे पाठवला’. पुढच्या कार्यालयात फोन केला, तर म्हणे आमच्याकडे आलाच नाही. मग पत्र आलं, की संबंधित विभागाशी संपर्क साधावा. संबंधित विभागातल्या बाई म्हणाल्या, संबंधित विभाग आम्हीच, पण फाइल आमच्याकडे नाही. आबांनी त्यांना शुद्ध मराठीत विचारलं, “मग फाइल आत्ता नेमकी कुठे आहे? ओव्हर.” बाईंना वाटलं, यांचं बोलणं संपलं. त्यांनी फोन ठेवला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“पोच नाय,” आबांनी वहीत लिहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

एकदा मी फाइलचा प्रवास कागदावर काढून बघितला. बाण काढत काढत शेवटचा बाण माझ्याच दुकानात येऊन पोचला. आबांनी तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि परत दिला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. तीन वर्षं मी प्रामाणिकपणे साइट उघडली. मग कंटाळलो. गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, साइट फिरत बसायची. मी न बघताच “प्रक्रियेत आसा” म्हणायला लागलो. आबा ते वेळेसकट वहीत लिहून घ्यायचे. माझा खोटेपणा मिनिटामिनिटाच्या हिशेबाने त्या वहीत आहे.

ओटीपी यायला हवा, म्हणून अर्ज भरताना मी बहुतेकांसाठी माझाच मोबाइल नंबर देतो. आबांच्या अर्जातही तोच होता. एके दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी ओटीपी शोधताना एक जुना मेसेज दिसला. हवालदार घाडी यांनी कानाच्या तपासणीला पुण्यात हजर राहावं. तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. घाईघाईने साइट उघडली. ‘अर्जदार गैरहजर. प्रकरण बंद.’

चार वर्षांत पहिल्यांदा स्थिती इतकी स्पष्ट दिसत होती, आणि ती सांगायची माझी हिंमत नव्हती. पुढचे दोन सोमवार मी “प्रक्रियेत आसा” म्हणालो. तिसऱ्या सोमवारी आबा यायच्या आधीच दुकान बंद केलं आणि त्यांच्या घरी गेलो.

पडवीत बसून सगळं सांगितलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हात उगारतात. मग लक्षात आलं, ते थांबले होते. मी मान खाली घालून “ओव्हर” म्हणालो.

“म्हणजे थयसून बोलावणा इलेला?”

“होय.”

“माजा नाव बरोबर घातलेला?”

“होय, आबा.”

“तुका शिव्या घालूक व्हयो,” ते म्हणाले. “पण माका साइट उघडून देणारो दुसरो कोण आसा?” मग आत बायकोकडे नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. “ही म्हणता, मी मुद्दाम आयकनय नाय. बत्तीस वर्षा हेच्यावरसून भांडता.”

“मगे सांगा ना तेंका, कान गेलोहा म्हणान.”

“सांगलंय मरे. तिका पटत नाय. सरकारान लिवन दिल्यार पटतला.”

अपील करायचं ठरलं. आबा कागद शोधायला माडीवर गेले, आणि काकी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांचा आवाज पलीकडच्या वाडीतही ओळखतात. पण आता त्या इतक्या हळू बोलल्या, की मलाच पुढे वाकावं लागलं.

“कागद अडाकलो, ता खरा?”

“चूक माजी, काकी.”

“लगीन झाल्यार पयल्या सुट्टीक इले, तेवाच माका कळला, कान गेलो तो.”

मी विचारलं, “मगे भांडतास कित्याक?”

“हळू बोलल्यार तेंका आयकाक येणा नाय. नुसता मोठ्यान बोललंय, तर तेंका वाटात, ही माका बहिरो समाजता. भांडणात कोणव मोठ्यानच बोलता.” त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. “कागद इलो, तर भांडणाक निमित रवाचा नाय. मगे मी काय करू, ता सांग.”

जिन्यावर पावलं वाजली. काकी वळल्या आणि कौलं हलतील अशा आवाजात ओरडल्या, “सुहासाची च्या थंड झाली! कानात काय बोळे घातलात?”

आबांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली. हातात भक्कम पुरावा आल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

“आयकलंस? लिव. आजच धाड.”

मी लिहिलं. गैरहजेरीचं कारण म्हणून माझी चूक माझ्या नावानिशी घातली आणि अपील त्याच संध्याकाळी पाठवलं. आता मी रोज सकाळी न चुकता साइट उघडतो. चाक फिरत असतं, मी बघत बसतो, आणि तिथे काय दिसावं असं मला वाटतं, तेच मला कळत नाही.