धोंड्यातले जावई आणि फिल्टरचा डबा

जावयाने, स्वप्निलरावांनी, मोटारसायकलचं बाजूचं कव्हर काढलं आणि सासरे पुंडलिकराव घाईने गाडीपाशी आले.

हिंगणीहून रोज सेलूच्या बाजारात वांगी आणि कोथिंबीर पोचवणारी घरातली ती एकच जुनी गाडी. तिच्या एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. कडेचं रबर वाळून कडक झालं होतं आणि फटीतून धूळ थेट इंजिनात जात होती. चार दिवसांनी मिस्त्री येणार होता. पण दुपारी जेवताना पुंडलिकराव हे जावयापुढे सहज बोलून गेले आणि फसले. जावयाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. नोकरी मात्र वर्ध्याला विम्याच्या ऑफिसात, फायलींशी.

"मामाजी, पाच मिनिटाचं काम आहे. पेचकस द्या."

एरवी कोणी या गाडीला नुसता हात लावला असता, तरी पुंडलिकरावांनी त्याचा उद्धार केला असता. पण महिना धोंड्याचा होता, आणि लेकीच्या, आचलच्या, लग्नानंतरचा पहिलाच. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. त्याला घरी बोलवायचं, गोडधोड खाऊ घालायचं, वाण द्यायचं आणि तो म्हणेल त्याला मान डोलवायची. धुरपताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच डोळे वटारले आणि नवऱ्याला हळूच बजावलं, "ऐकता काय, नाई म्हणू नका. पोरीले तिथं नांदाचं आहे."

पुंडलिकरावांनी पेचकस दिला.

सुरुवात चांगली झाली, हेच वाईट झालं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून स्वप्निलरावांनी झाकणाच्या कडेला चपखल बसवली. सासऱ्यांनाही मनातल्या मनात दाद द्यावी लागली. तेवढ्यावर थांबले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण डब्याच्या वरच्या अंगाला त्यांना एक भोक दिसलं. चांगलं लिंबाएवढं.

"हे पाहा मामाजी! झाकणाचं काय घेऊन बसलो, सारी धूळ त इथून जाऊन राह्यली!"

ते भोक म्हणजे इंजिनाचं नाक, हे पुंडलिकरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं. दारात धुरपताबाई दिसल्या. त्यांनी तोंड मिटलं. स्वप्निलरावांनी जुन्या लुगड्याचं फडकं घडी करून त्या भोकात कोंबलं.

गाडी सुरू झाली, पण दमेकऱ्यासारखी. "कशी शांत चालून राह्यली!" स्वप्निलराव खूश झाले. "बसा मामाजी, बोर धरणाकडं एक चक्कर मारू."

परवाच त्या रस्त्याला गावातल्या बाबारावच्या गोऱ्ह्याला वाघाने धरलं होतं. पुंडलिकराव देवाचं नाव घेऊन मागे बसले.

ऊन उतरलं होतं. जंगलातला चढ लागला, जावयांनी मूठ पिळली, इंजिनाने फडकं आत ओढून घेतलं आणि दोन आचके देऊन गाडी बंद पडली. स्वप्निलरावांनी दहा किका मारल्या, वीस मारल्या. गाडी हूं की चूं करीना. तेवढ्यात डाव्या हाताच्या झुडपात खसफस झाली.

"मामाजी, ते काय आहे?" स्वप्निलरावांचा आवाज चिरकला.

"काई नाई." पुंडलिकरावांनी झुडपावरची नजर काढली नाही. "जवाईबापू, ते फडकं लई जुनं होतं. तुमच्या कामाले शोभत नाई. काढता काय?"

"राहू द्या, मस्त बसलं आहे."

"नाई म्हणलं, थोडी हवा लागली त इंजिनालेबी बरं वाटन."

"पण धूळ जाईन ना, मामाजी!"

खसफस आणखी जवळ आली. पुंडलिकरावांच्या डोळ्यांपुढे एकीकडे वाघ होता आणि दुसरीकडे आचलचा संसार. लेकीच्या सुखासाठी बापाने बरंच सोसावं, पण वाघाच्या जबड्यात बसून जावयाचा मान किती राखायचा? तेवढ्यात झुडूप गदागदा हललं.

"अबे लेका, नाक दाबलं ना तू तिचं! काढ ते फडकं गाढवा, नाई त दोघंबी जातो वाघाच्या पोटात!"

जावयाला बाजूला ढकलून त्यांनी स्वतःच कव्हर उपटलं, झाकण उघडून फडकं ओढून काढलं आणि किक मारली. गाडी एका किकेत सुरू झाली. झुडपातून काय निघालं, ते पाहायला दोघंही थांबले नाहीत.

वाघाची भीती गावाची वेस येईतो विरली आणि खरी भीती चढू लागली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला गाढव म्हटलं! मागे बसलेल्या स्वप्निलरावांचा चेहराही त्यांना दिसत नव्हता. घर येताच ते उतरून सरळ आत गेले. पुंडलिकराव गाडीपाशीच उभे राहिले.

"आचल," आतून आवाज आला, "तुह्या बाबानं मले गाढव म्हणलं."

पुंडलिकरावांनी डोळे मिटून घेतले.

"वर्ष झालं या घरी येऊन राह्यलो," स्वप्निलरावांचा आवाज जड झाला होता. "पाट, टॉवेल, अजून एक घ्या, जवाईबापू, जवाईबापू. पाहुण्यावानी बसून बसून जीव घाबरा होते माह्या. आपलं काई चुकलं त हे लोक मनात काय म्हणत असतीन, हेच भेव. काई काम करून दाखवावं म्हणून तो डबा खोलला. माह्या बाप मले घरी असाच शिव्या देते. आज वाटलं, मी या घरचा झालो."

पुंडलिकरावांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. वर्षभर आपण ज्याला घाबरत होतो, तो पोरगा वर्षभर आपल्यालाच घाबरत होता.

एवढ्यात स्वप्निलराव बाह्या सरसावत बाहेर आले. चेहरा खुलला होता. "मामाजी, आता कार्बोरेटरबी खोलून पाहू काय?"

पुंडलिकरावांनी दाराकडे पाहिलं. धुरपताबाई दारातच होत्या, पण या खेपेला त्यांनीच हसून तोंड फिरवून घेतलं.

"हात त लावून पाह्य!" पुंडलिकराव वर्षभर रोखून धरलेला दम एकदाचा सोडत गरजले.