बॉनेटखालची बरणी

गॅरेजमधल्या स्टुलावर कॉफीची एक रिकामी बरणी, दोन पितळी नळ्या, दीड मीटर रबरी पाइप, चार क्लिपा, सीलंटची अर्धी ट्यूब आणि सासरेबुवांचा चष्मा एवढ्या वस्तू होत्या. चष्मा सासरेबुवा घरभर शोधत होते. बाकीचं सगळं जावयाने जमवलं होतं.

सासरेबुवांची डिझेल गाडी म्हातारी झाली होती आणि धूर ओकत होती. धुराच्या तपासणीत ती एकदा नापास झाली होती. आज पुन्हा झाली तर थेट भंगारात. सासूबाईंनी केव्हाच हात झटकले होते. "जाऊ दे एकदाची. तिच्यापायी घरात दुसरा विषय नाही." सासरेबुवांना मात्र घास उतरत नव्हता.

जावई रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला. त्याने समजावलं, की इंजिनातली तेलकट वाफ एका पाइपातून परत इंजिनातच जाते आणि जळून तिचा धूर होतो. मध्ये बरणी बसवून तिच्यात तारेची घासणी कोंबली, की तेल तिथेच अडकेल. बाजारात तयार डबा मिळत होता, पण घरात बरणी असताना तो विकत घेणं जावयाच्या शास्त्रात बसत नव्हतं. त्याने बरणी स्वच्छ विसळली, सासूबाईंकडून नवी घासणी मागून घेतली, झाकण आवळलं आणि बरणी बॉनेटखाली त्या पाइपात जोडली. तिघंही तपासणी केंद्राकडे निघाले.

अर्ध्या वाटेत बॉनेटच्या फटीतून पांढरा फेस डोकावला. सिग्नलपर्यंत तो काचेवर आला. सासरेबुवांनी वायपर लावला, तर काच कधी नव्हे इतकी लख्ख झाली. शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून विचारलं, "काका, आतून धुताय का?"

केंद्रात गाडी खोकतच शिरली. तपासनिसाने बॉनेट उघडलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत फेसात गेला. जावई फेस बोटांवर चोळून वास घेत होता. मागच्या सीटवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "साबण आतच असतो त्या घासणीत. वेगळा लावावा लागत नाही."

बरणी ओली राहिली होती, आणि इंजिन सारखं तिच्यात फुंकत होतं. जावयाचे कान लाल झाले.

सासरेबुवा बायकोकडे वळले. "मुद्दाम दिलीस ना?"

"घासणी मागितली, घासणी दिली. गाडीला घालणार, हे कुणी सांगितलं मला?"

तपासनिसाने बाही पिळत बजावलं, की केंद्र बंद व्हायची वेळ झाली आहे. हे निस्तरा, नाहीतर नापासाचा शिक्का घ्या. सासरेबुवा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले.

सासूबाईंनी ते पाहिलं. दार उघडून त्या तरातरा कँटीनच्या मोरीकडे गेल्या. तिथे भांडी घासणाऱ्या बाईला काय सांगितलं कोण जाणे, पण परतल्या त्या कोरी, बिनसाबणाची घासणी घेऊन. बरणीही त्यांनीच स्वतःच्या रुमालाने कोरडी केली.

"हं, घाला आता. आणि तुम्ही, अहो, रडवेलं तोंड करू नका. गाडी चालू करा."

तपासनिसाने यंत्राची नळी लावली. सासरेबुवांनी पाय दाबला.

धुराची मर्यादा पासष्ट होती. आकडा चौसष्ट आला.