करमणुकीचा कार्यक्रम, सर्व नातेवाइकांच्या सहकार्याने

“मागच्या लग्नात दोनच बाटल्या होत्या, या वेळी पाच? माझी मान काय सरकारी आहे?” एर्मिंदा स्वयंपाकघरात पुटपुटत होती. डोक्यावर बाटल्या रचून नाचण्याचं काम तिच्या वाट्याला आलं होतं.

देओलिंदाआत्याने हे ऐकलं आणि यादीत तिच्या नावापुढे लिहिलं, ‘आनंदाने संमती.’

लग्नात पाहुण्यांची करमणूक नातेवाइकांनीच करावी, हे पॅराग्वेच्या त्या भागात निर्विवाद मानलं जातं. भाड्याचे वादक फार चांगलं वाजवतात, त्यामुळे जेवणाकडे दुर्लक्ष होतं. नातेवाइकांच्या बाबतीत हा धोका संभवत नाही. म्हणून भाची रोसाल्बाच्या लग्नासाठी आत्याने चौदा जणांना रीतसर विनंतीपत्रं पाठवली. अकरा जणांनी ‘मला काही येत नाही’ असं कळवलं. (ही पात्रता म्हणून नोंदवण्यात आली.) उरलेल्या तिघांना आपल्याला येतं असं वाटत होतं, त्यांना वेळ कमी देण्यात आला.

पंधरावं पत्र गेलं नाही. पंधरावा म्हणजे निकानोर, आत्याचा धाकटा भाऊ, चार घरं पलीकडे राहणारा, पंचक्रोशीत ज्याच्यासारखं हार्प कुणी वाजवत नाही तो. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला थोरला एलिजिओ, म्हणजे आताचा वधूपिता, त्याला म्हणाला होता, “आज वाजवू नकोस.” निकानोरने हार्प उचललं आणि तो घरी गेला. तेव्हापासून ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बाकीचे त्याविषयी बोलत नाहीत. आत्याला दोन्ही भाऊ एका मांडवात बघायचे होते. पण ही बाब कार्यक्रमपत्रिकेच्या कक्षेत येत नव्हती.

कार्यक्रम उत्तम झाला. दामासिओ मेव्हण्यांनी सात प्राण्यांचे आवाज काढले. पैकी तीन ओळखू आले, तिन्ही गाय. वधूच्या मावशीने स्वरचित कविता वाचली. चौथ्या कडव्याला तिसरी रांग मक्याच्या वड्या आणायला म्हणून उठली ती परतली नाही. एर्मिंदाच्या पाचपैकी चार बाटल्या शाबूत राहिल्या. टाळ्या मात्र सगळ्यांना समान, प्रत्येकी अकरा सेकंद.

मग बापलेकीचा नाच. पत्रिकेत त्यापुढे ‘संगीत: परिस्थितीनुसार’ असं छापलं होतं. परिस्थिती म्हणजे चुलतभाऊ पोर्फिरिओचा फोन. त्यावर गाण्याआधी गुरांच्या जंतनाशकाची जाहिरात लागली. मग फोनच बंद पडला. एलिजिओ आणि रोसाल्बा हातात हात घेऊन मांडवाच्या मधोमध उभे राहिले. दोनशे पाहुणे आपापल्या ताटात काहीतरी शोधू लागले.

(ज्यांना हसू येतंय त्यांनी आपल्या घरच्या मागच्या कार्याचा फोटो कपाटातून बाहेर काढावा आणि त्यात कोण नाही ते बघावं. कार्य छान झालं होतं, हे आम्ही ऐकून आहोत.)

रोसाल्बा वळली. “आत्या, ज्यांना येत नाही त्या सगळ्यांना विचारलंस. ज्याला येतं त्याला का नाही?”

“तुझ्या बाबांना चाललं नसतं, बाळा.”

“असं बाबा म्हणाले?”

आत्याने आठवून पाहिलं. मग यादी घडी करून ठेवली.

“एलिजिओ, निकानोरला बोलावू?”

एलिजिओने कॉलरचं बटण सोडलं. “त्या दिवशी तो वाजवायला लागला असता तर मला रडू आवरलं नसतं. म्हणून नको म्हटलं होतं,” तो म्हणाला. “पण का म्हटलं, ते मला कुणी विचारलंच नाही.”