क्रमांक तीनचे तोडणकर

रविवारी सकाळी हितेंद्र तोडणकर स्वतःच्याच बायकोच्या ब्यूटी पार्लरमध्ये दोन्ही हात पुढे करून बसला होता. पार्लर म्हणजे लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली, एक आरसा आणि एक फिरती खुर्ची. मेघना त्याच्या तर्जनीवर प्लास्टिकचं लांबलचक नख चिकटवून दाबून धरत होती.

"रंग कुठला लावू?" तिने विचारलं.

"रंग नको."

"फुकटचं गिऱ्हाईक आणि वर नखरे! हलू नका. हा गोंद भारीतला आहे, आठवडाभर नख निघायचं नाही."

"म्हणजे उद्या ऑफिसात?"

"हात खिशात घालून बसा. नाहीतरी तिथे हाताचं काय काम असतं तुम्हाला?"

आता विमा कंपनीत क्लेमच्या फायली इकडून तिकडे सरकवणाऱ्या, पोट सुटलेल्या, टक्कल पडू लागलेल्या गृहस्थाला नखं कशाला हवीत, असं कुणीही विचारेल. तर फ्रीस्टाइल फ्रिस्बीसाठी. फ्रिस्बी म्हणजे चौपाटीवर पोरं फेकतात ती प्लास्टिकची थाळी, एवढं आपल्याला ठाऊक. पण हितेंद्रच्या खेळात ती नुसती फेकून भागत नाही. दोघांची जोडी गाणं लावून मैदानात उतरते, थाळी नखाच्या टोकावर गरगर फिरवते, पाठीमागून, पायाखालून, मानेवरून काढते आणि समोर बसलेले परीक्षक गुण देतात. थाळी नखावर अडखळू नये म्हणून तिच्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारतात. या स्प्रेनेच पुढे घात केला, पण ते येईलच.

आणि या खेळात हितेंद्र तोडणकर भारतात तिसरा होता. हसू नका, संघटनेच्या वेबसाइटवर चक्क तसं लिहिलेलं होतं. पहिले दोघे बेंगळुरूचे भाऊ. चौथा गृहस्थ कधीचाच कॅनडात स्थायिक झाला होता, पण त्याचं नाव काढायची तसदी कुणी घेतली नव्हती. पाचवा नव्हताच. क्रमवारी ठरायची ती खेळाडूने खेळलेल्या स्पर्धांच्या गुणांच्या सरासरीवर. हितेंद्र आजवर दोन स्पर्धा खेळला होता आणि दोन्हींत शेवटचा आला होता. ही माहिती तो आपणहून कुणाला देत नसे, आणि लालबागमध्ये असलं काही विचारण्याची पद्धतही नाही. नंबर आला म्हटलं की लोक आधी हार आणतात आणि मग खेळ कुठला ते विचारतात.

त्याला नंबर एवढा प्यारा असण्याचं कारण मात्र आतल्या खोलीत होतं. तिथे भिंतभर काचेचं कपाट होतं आणि ते अण्णांच्या कपांनी भरलेलं होतं. अण्णा म्हणजे हितेंद्रचे वडील, जयवंत तोडणकर, गिरणीच्या कबड्डी संघाचे एकेकाळचे नामांकित पकडपटू. गिरणी गेली, संघ गेला, कप राहिले. त्या कपाटात हितेंद्रची कमाई म्हणजे शाळेत मिळालेलं स्वच्छतेचं प्रमाणपत्र, तेही रमाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, कप्प्यात कागद म्हणून अंथरलं होतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा कपाट बघायचा, अण्णांच्या पाया पडायचा आणि मग हितेंद्रकडे वळून विचारायचा, "आणि तू रे?" या तीन शब्दांनी बिचाऱ्याचं उभं आयुष्य नासवलं होतं.

शेवटी अण्णांनीच परवा खालचा एक कप्पा रिकामा केला. "कप घेवन ये," ते म्हणाले, "ह्यो कप्पो तुझो."

आज दुपारी शिवाजी पार्कात स्पर्धा होती. जोड्या तीन आणि कप दोन. बेंगळुरूचे भाऊ पहिले येणार हे ठरलेलंच. उरलेल्या कपासाठी कॉलेजातल्या दोन मुलींना हरवायचं, बस्स. आणि न खेळून चालणार नव्हतं, कारण वर्षभरात एकही स्पर्धा न खेळणाऱ्याचं नाव उडवायचा नवा नियम आला होता. हितेंद्रने सगळा हिशेब करून ठेवला होता. फक्त लादीचा हिशेब राहिला.

मेघनाने पार्लरमध्ये स्प्रे मारू दिला नाही, म्हणून तो थाळी घेऊन बाहेर चाळीच्या सामाईक गॅलरीत गेला आणि उत्साहाच्या भरात त्याने अर्धा डबा रिकामा केला. थाळीला लागला त्याहून जास्त लादीवर पडला. रमाबाईंनी दारातून तो तेलकट डाग पाहिला.

"काय सांडलंस रे मेल्या?" असं म्हणून त्यांनी ओलं फडकं आणलं आणि डाग पुसायला घेतला. बाई स्वच्छतेच्या बाबतीत कडक. डाग पुसता पुसता त्या जिन्यापर्यंत गेल्या. डाग दिसेनासा झाला, कारण तो आता अख्ख्या गॅलरीवर सारखा पसरला होता.

पहिला बळी मयूर. मयूर हा हितेंद्रच्या ऑफिसातला ज्युनिअर आणि खेळातला जोडीदार. महिनोन्‌महिने गच्चीवर घाम गाळून आपल्या पहिल्याच स्पर्धेसाठी तयार झालेला, उलटी कोलांटी मारून थाळी झेलणारा पोरगा. तो हातात स्पीकर घेऊन, गाणं गुणगुणत जिना चढून आला आणि गॅलरीत पाऊल टाकताच दोन्ही पाय वर करून आडवा झाला. स्पीकर वाचला, पण मनगट गेलं.

"दादा," तो कळवळत म्हणाला, "स्टेप नव्हती ही."

आवाज ऐकून शेजारचे पाटकर धावत आले आणि मयूरच्या शेजारी बसले. पाटकरांना उठवायला पाटकरीणबाई आल्या आणि त्याही बसल्या. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष भिवा साटम जिन्यावर प्रकटले. काखेत फ्लेक्सची गुंडाळी आणि तोंडभर हसू.

"हितू! फ्लेक्स झाला रे! संध्याकाळी सत्कार, नगरसेवक पण..."

"भिवा, थांब!"

भिवा थांबला, पण पाय थांबले नाहीत. तो बसल्या बसल्या घसरतच हितेंद्रच्या दारापर्यंत आला. फ्लेक्स उलगडला. त्यावर भिवाचा प्रचंड फोटो, खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांची रांग आणि कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा हितेंद्र. शेजारी लिहिलं होतं, 'भारतातील तिसऱ्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय खेळाडू तोडणकर यांचा भव्य सत्कार.'

अशा अवस्थेतही हितेंद्रने तो वाचला. "नुसतं तोडणकर का?"

"जागा नाय उरली रे. एवढे कार्यकर्ते बसवायचे होते." भिवा कंबर धरून म्हणाला.

"आणि आंतरराष्ट्रीय कशाला? मी दादर सोडून कुठे खेळलो नाही."

"तो कॅनडावाला तुझ्या खाली हाय ना? मग झालास की तू आंतरराष्ट्रीय. आता उठव मला."

मयूरचं मनगट एव्हाना पावासारखं फुगलं होतं. मेघना भिंतीला धरून धरून आली, त्याला बघून म्हणाली, "प्लास्टरच लागणार." हितेंद्र हवालदिल झाला, आणि खरं सांगायचं तर मयूरच्या मनगटापायी नव्हे.

"जोडी नसेल तर?" त्याने विचारलं.

"मैदानात घेतच नाहीत, दादा. नावच उडेल."

नाव उडेल! आणि संध्याकाळी फ्लेक्स, नगरसेवक, नारळ! हितेंद्रने आशेने पाटकरांकडे पाहिलं. पाटकर अजून लादीवरच होते. भिवाकडे पाहिलं. भिवाने हात जोडले. तेवढ्यात जिन्यावर अण्णा दिसले. हातात ताज्या बांगड्यांची ओली पिशवी, मासळीबाजारातून परतत होते.

"अण्णा, येऊ नका!" सगळे एकदम ओरडले.

अण्णांनी शांतपणे चपला काढून काखेत मारल्या, पायाची बोटं लादीत रोवली, जरासे वाकले आणि त्या निसरड्या गॅलरीतून, पडलेल्या माणसांच्या मधून वाट काढत, मासळीच्या पाण्याचा एक थेंब न सांडता दारापर्यंत चालत आले.

"मातयेत काय नि चिखलात काय," ते म्हणाले, "बोटा रोवूक होयी."

अख्ख्या गॅलरीत आधाराशिवाय तेवढाच एक माणूस पायावर उभा होता. रमाबाई दारातून म्हणाल्या, "ह्येंकाच घेवन जा."

"आई, अगं अण्णांचं वय काय!"

"मग ह्येका न्हे," असं म्हणून त्यांनी भिवाकडे बोट दाखवलं. भिवा दुसऱ्यांदा उठण्याच्या प्रयत्नात तिसऱ्यांदा बसला होता.

अण्णांनी पिशवी बायकोकडे दिली. "नियम काय?" त्यांनी विचारलं.

"थाळी खाली पडू द्यायची नाही. आणि सगळं गाण्याच्या तालावर..."

"ताल तू बघ. मी पडाक देवचंय नाय."

दुपारी शिवाजी पार्काच्या एका कोपऱ्यात स्पर्धा झाली. बेंगळुरूच्या भावांनी बघणाऱ्याचे डोळे फिरतील असा खेळ केला. कॉलेजच्या मुली सुरेख खेळल्या, पण त्यांची थाळी दोनदा पडली. मग तोडणकर पितापुत्र उतरले. हितेंद्र रंगीत टी-शर्टात. अण्णा काळ्या हाफ पँटीत आणि गिरणीचं नाव धुऊन धुऊन पुसट झालेल्या बनियनमध्ये. अण्णांनी वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तिन्ही परीक्षकांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं.

गाणं सुरू झालं. हितेंद्रने थाळी नखावर फिरवली आणि ती खरंच फिरली, नखाचं सार्थक झालं. त्याने ऐटीत ती अण्णांकडे सोडली. अण्णांनी ती मांडीवर मारून परत पाठवली. पुन्हा आली, तेव्हा गुडघ्यावर घेतली. पुन्हा आली, तेव्हा टाचेवर. तोंडाने "कबड्डी, कबड्डी" चालूच होतं, त्यांना त्याशिवाय हालताच येत नव्हतं. माणसं चालता चालता थांबून बघायला लागली. हितेंद्रला वाटलं, लोक आपल्यालाच बघतायत. म्हणून त्याने डोळे मिटून गिरकी घेतली.

ही गिरकी घ्यायची गरज नव्हती. थाळी नखावरून उडाली, हितेंद्र तिच्यामागे धावत रेषेकडे निघाला, आणि समोरून एक गडी रेषेकडे पळतोय एवढंच अण्णांना दिसलं. पुढचं त्यांनी केलं नाही, त्यांच्या हातांनी केलं. त्यांनी सूर मारून पोराचा घोटा पकडला. हितेंद्र पालथा पडला. थाळी वरून भिरभिरत आली आणि अण्णांनी पडल्या पडल्या पायाचा अंगठा वर केला. थाळी त्या अंगठ्यावर, गाणं संपेपर्यंत, गरगरत राहिली.

मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. "असं ओरिजिनल आम्ही कुठेच पाहिलं नाही," मुख्य परीक्षक म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या क्रमांकाचा कप अण्णांच्या हातात दिला. जोडीला कप एकच. वयाचा मान म्हणून अण्णांना दिला असेल, असं हितेंद्रने तोंडातली माती काढता काढता स्वतःला समजावलं.

संध्याकाळी चाळीच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. फ्लेक्स लागला होता. नगरसेवकांनी चिरंजीवांना पाठवलं होतं. मयूर हात गळ्यात अडकवून पहिल्या रांगेत बसला होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत होता.

"दादा, नवी क्रमवारी आली," तो हळूच म्हणाला.

"हळू कशाला? माइकवर वाच!" हितेंद्र म्हणाला. त्याच्याच तोंडचे शब्द हे.

"दादा, घरी गेल्यावर वाचूया ना."

"अरे वाच रे, लोकांना कळू दे!"

मयूर माइकपाशी गेला. "पहिला आणि दुसरा, बेंगळुरू," तो पुटपुटला. "तिसरा... जयवंत तोडणकर."

टाळ्या पडल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि थांबल्या.

"अण्णा?" हितेंद्र म्हणाला. "अरे पण आम्ही एकत्र खेळलो! गुण तेवढेच!"

"आजचे तेवढेच, दादा. पण क्रमवारी सरासरीवर असते. अण्णा एकच स्पर्धा खेळले, त्यात दुसरे. तुमच्या मागच्या दोन..." मयूर थांबला. पटांगणातल्या झाडून सगळ्यांनी माना पुढे काढल्या. "मागच्या दोन्हींत तुम्ही शेवटचे होता ना."

हे माइकवर झालं.

"मग मी चौथा?" हितेंद्रने विचारलं.

"त्या मुली पण पहिल्यांदाच खेळल्या. त्या चौथ्या-पाचव्या. तुम्ही सहावे. कॅनडावाला सातवा, त्याचं नाव उडवायचं अजून राहिलंय." मयूरला दया आली. "म्हणजे आंतरराष्ट्रीय आहात अजून."

हितेंद्रला तिथल्या तिथे जमिनीत शिरावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कप जिंकला होता आणि तीन पायऱ्या खाली आला होता. त्याने केविलवाणेपणाने मेघनाकडे बघितलं. "कप तरी कप्प्यात ठेवलास ना?"

"अण्णांच्या वरच्या रांगेत ठेवला सासूबाईंनी," ती म्हणाली. "खालचा कप्पा रिकामाच होता, तिथे कुळथाच्या पिठाचे डबे बसले." मग तिलाही वाईट वाटलं असावं. "चांगले खेळलात हो," ती म्हणाली, "पडेपर्यंत."

अण्णा मात्र अस्वस्थ झाले होते. "माका नको तुमचो सत्कार," ते उठत म्हणाले, "पोराचोच करा."

पण मंडळाचा अध्यक्ष कसल्या मातीचा असतो ते अण्णांना ठाऊक नव्हतं. भिवाने कमरेवर हात ठेवून क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "क्रमांक तीन तेच, आडनाव तेच. फोटो बदलला की झालं! काकी, अण्णांचा एखादा फोटो द्या!" रमाबाईंनी कपाटातला, कबड्डीच्या वेषातला, मिशीवाला फोटो आणून दिला. कुणीतरी स्टूल आणलं, कुणीतरी सेलोटेप आणली. सेलोटेपचं टोक मात्र काही केल्या सापडेना. भिवाने खरवडून पाहिलं, पाटकरांनी दातांनी पाहिलं, नगरसेवकांच्या चिरंजीवांनी चष्मा काढून पाहिलं. सगळा सत्कार तिथे अडला.

मग भिवाची नजर हितेंद्रच्या हातांकडे गेली.

"हितू," तो म्हणाला, "जरा ये रे इकडे. तुझी नखं हायत."

सगळं पटांगण बघत होतं. हितेंद्र उठला, स्टुलावर चढला. मेघनाचा गोंद खरोखरच भारीतला होता, एकही नख हललं नव्हतं. त्याने एका फटक्यात टोक सोडवलं, अण्णांचा फोटो स्वतःच्या तोंडावर नीट बसवला आणि चारी बाजूंनी टेप मारली.

"डावीकडे जरा वर घे," खालून अण्णा म्हणाले. "वाकडो दिसता."