तेल लागणार नाही, याची लेखी हमी

आमच्या परभणीच्या ऑफिसात तेलाबद्दल छातीठोक बोलू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी. ‘तेल लागणार नाही’ हे मी पंधरा वर्षं सांगत आलोय आणि एकदाही चुकलेलो नाही. कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञांनासुद्धा हे जमलेलं नाही.

माझं नाव सिद्धोधन. जमिनीतलं तेल शोधणाऱ्या कंपनीत कारकून. आजवर तीन ठिकाणी आम्ही भोक पाडलं. दर वेळी नारळ फुटला, हार पडले, आणि सहा महिन्यांनी मांडवाच्या खुर्च्या मोजून परत करायला मी एकटा उरलो. म्हणून पेडगावच्या शिवारात खोदायला मंजुरी मिळाली आणि ऑफिसात पेढे वाटले गेले, तेव्हा मी पेढा हातात धरून नुसता बसून राहिलो.

“खा की दादा,” शेजारच्या टेबलावरची राजेश्री म्हणाली. “पेढा तर खरा हाय.”

त्याच आठवड्यात हेड ऑफिसचं पत्र आलं. नव्या प्रकल्पाबद्दल कर्मचाऱ्यांनी मनातल्या शंका मोकळेपणाने लिहाव्यात, नाव देण्याची सक्ती नाही. मी दोन पानं लिहिली. राजेश्रीनं ती टाइप केली आणि म्हणाली, “नाव टाकू नका.”

“मी काय कुणाला भितो?” असं म्हणून मी नाव टाकलं. खाली मोबाइल नंबरही दिला.

तिसऱ्या दिवशी माणिकराव साहेबांनी बोलावलं. हे आमचे प्रकल्पप्रमुख. निवृत्तीला आठ महिने उरलेले, त्यामुळे चेहरा शेवटच्या स्टेशनाला आलेल्या पॅसेंजरसारखा. समोर माझी दोन पानं होती.

“सिद्धोधन, यातली एकही शंका मला खोडता येत नाही,” साहेब म्हणाले. “म्हणून परवा पेडगावच्या बैठकीत तुम्हीच बोला. गावकरी हेच विचारणार. तुम्हाला प्रश्न पाठ आहेत.”

“साहेब, प्रश्न पाठ आहेत. उत्तरं नाहीत.”

“उत्तरं वरून येतील.”

वरून कंपनीच्या नावाची एक टोपी आली.

पेडगावला ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या टाकल्या होत्या. पुढच्या रांगेत धुरपताबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या. आमच्या नकाशावरचा खोदायच्या जागेचा लाल ठिपका बरोबर त्यांच्या चार एकरांच्या मधोमध पडलेला. साहेबांनी भाषण केलं. देशाची प्रगती सांगितली, गावाची प्रगती सांगितली. साहेब म्हणजे काटा मारणारे व्यापारी असावेत, तसे लोक त्यांच्याकडे बघत होते.

मग सरपंच सटवाजी उठले. “साहेब, तुमची प्रगती ऱ्हाऊ द्या. तेल लागलं की आमची रानं जाणार, एवढं आमाला कळतंय. आमी सही करणार न्हाई.”

माणसं उठायला लागली. साहेबांनी मला मागून ढकललं. मी उभा राहिलो. उन्हात टोपी तापली होती, पाय दुखत होते आणि खोटं बोलायला लागतो तो जोर अंगात नव्हता.

धुरपताबाई म्हणाल्या, “बाबा, तू तरी खरं सांग. माझ्या रानात तेल लागंल का?”

“नाही लागणार, आजी.”

साहेबांनी मागून माझा सदरा ओढला. पण माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. मी तिन्ही कोरड्या भोकांच्या गोष्टी सांगितल्या. खाली नुसता काळा दगड आहे म्हटलं. खोदू, थकू, बुजवू आणि जाऊ, असंही म्हटलं. आता नोकरी गेली हे मला दिसत होतं. घरी बायकोला, बबिताला, काय सांगायचं त्याची जुळवाजुळवही मी बोलता बोलताच करत होतो.

धुरपताबाई हसल्या. “लागणारच न्हाई, तर मंग खोदा की खुशाल. रान तर माझंच ऱ्हाईल.”

सटवाजींनी डोकं खाजवलं. “हे बराबर हाय. पण तुमी तसं लेखी द्या.”

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं: धुरपताबाईंच्या रानात तेल लागणार नाही. खाली सही. आजींनी ते घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं, आणि अर्ध्या तासात अख्ख्या गावानं संमती दिली.

हेड ऑफिसात कौतुक झालं. एका बैठकीत पूर्ण गाव राजी, असं कधी घडलं नव्हतं. कसं घडलं, हे कुणी विचारलं नाही आणि साहेबांनी सांगितलं नाही. गावानं फक्त एक अट घातली होती, हमीवाला माणूस रानातच पाहिजे. झाली माझी बदली पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या सगळ्या यंत्रसामग्रीची देखरेखही माझ्याच गळ्यात पडली.

मशीन दिवसभर घरघरायचं. सकाळी धुरपताबाई यायच्या. “लागलं का?”

“नाही.”

“बरं झालं,” म्हणून त्या मला अर्धी भाकरी द्यायच्या.

मग हेड ऑफिसचा फोन यायचा. “लागलं का?”

“नाही.”

“प्रयत्न चालू ठेवा.” तिकडून भाकरी यायची नाही.

दोन महिने असे गेले. एका सकाळी मशीन चालवणारा जीवन धावत आला. “सर, चला लवकर. तेल दिसायलंय.”

मशीनमधून निघणाऱ्या चिखलाच्या खड्ड्यावर खरंच मोरपिशी तवंग तरंगत होता. वासही येत होता. मी काही म्हणायच्या आत जीवननं फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत हेड ऑफिसचं अभिनंदन आलं. साहेब हार घेऊन परभणीहून निघाले. अर्ध्या तासात गाव जमलं, आणि गर्दीतून धुरपताबाई पुढे आल्या. हातात माझं पान.

“हे तुझंच अक्षर ना?”

“हो, आजी.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मला वाटलं व्हतं तू खरं बोलायलास,” एवढंच म्हणून त्या बांधावर जाऊन बसल्या, आपल्या रानाकडे बघत.

पंधरा वर्षांत मी पहिल्यांदा चुकलो, ते नेमकं या बाईच्या रानात. काहीतरी करायचं म्हणून मी त्या तवंगाचा माग काढत गेलो. खड्ड्याच्या कडेनं चिखलात रांगत, शेडच्या मागे, जनरेटरच्या टाकीपर्यंत. टाकीची नळी चिरली होती आणि थेंब थेंब गळत होती. मी बोट लावलं, वास घेतला, खात्री पटेना म्हणून जिभेलाही लावलं.

“डिझेल आहे!” मी ओरडलो. “आजी, आपलंच डिझेल आहे!”

मी चिखलानं माखलेला, हात वर करून नाचतोय, आणि तेवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांनी उतरताच माझ्या गळ्यात हार घातला.

“साहेब, डिझेल आहे.”

साहेबांचे डोळे भरून आले. “म्हणजे शुद्ध होऊनच निघालं?”

त्यांना टाकीपर्यंत हाताला धरून न्यावं लागलं. तिथं त्यांनी वाकून नळी बघितली. मग म्हणाले, “सिद्धोधन, ही नळी रोज तपासायचं काम कुणाचं होतं?”

काम माझंच होतं. पण इथं तेलाचा थेंबही दिसणार नाही, याची मला इतकी खात्री होती की महिनाभर मी त्या बाजूला बघितलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात भोक बुजलं, मशीन गेलं. मी मात्र गेलो नाही. डिझेल मुरलेली काळी माती माझ्या देखरेखीखाली, म्हणजे माझ्याच हातानं, उकरून टाकायचा हुकूम निघाला. चार दिवस मी खोरं चालवत होतो. धुरपताबाई बांधावर बसून बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी भाकरी पुढे केली.

“आजी, माझा शब्द खरा ठरला,” मी घाम पुसत म्हणालो. “तेल लागलं नाही.”

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “लागणार न्हाई म्हणला व्हतास. पण घरून आणून सांडशील, हे कुटं म्हणला व्हतास?”

मी भाकरी संपवली आणि घमेलं उचललं.