कावळ्याने नेलेली चोखणी

"बेलाची चोखणी मी एका दुपारात सोडवून दाखवतो," असं दिवाकरने शनिवारी जेवताना जाहीर केलं.

ऐंशी सालच्या माघातली ही गोष्ट. उमेळ्यात तेव्हा माणसांपेक्षा केळी जास्त होत्या आणि दुपारी ऐकू यायची ती फक्त विहिरीवरच्या पंपाची टकटक. बेला अडीच वर्षांची होती. तोंडात कायम रबरी चोखणी, त्यामुळे ती काय बोलते ते फक्त तिच्या आईला, प्रेमलतालाच कळायचं. चोखणी माणिकपूरहून हौसेने आणली होती दिवाकरनेच, पण ते तो सोयीने विसरला होता.

"एवढ्यात नको," प्रेमलता म्हणाली. "पोर आत्ताच तापातून उठलीय. पाडवा होऊ दे, मग बघू."

"तुझ्या पाडव्याची वाट बघत बसलो तर पोर बोहल्यावरही चोखणी घेऊनच चढेल."

रविवारी प्रेमलता भावाच्या लग्नाच्या खरेदीला माहेरी निघाली. अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातली होती. लग्नात वाटायची सुकेळी होती ती. वर कावळ्यांसाठी जुनं जाळं अंथरलेलं.

"जाळं हलू देऊ नका आणि पोरीकडे बघा," ती सांगून गेली.

बेला झोपल्यावर दिवाकरने हलकेच चोखणी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. उठल्यावर तिने अंथरूण चाचपलं.

"कावळ्याने नेली," दिवाकर गंभीरपणे म्हणाला.

रडारड होईल म्हणून त्याने गुळाचा खडा तयार ठेवला होता. पण बेलाने बापाकडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि गुपचूप अंगणात गेली. एवढं सोपं काम बायका उगीच अवघड करून ठेवतात, असं म्हणत दिवाकर झोपाळ्यावर आडवा झाला. गूळ त्यानेच खाल्ला.

शेजारच्या हिल्डाच्या हाकेने त्याला जाग आली.

"दिवाकरभाऊ, तुमच्याकडे श्राद्ध आहे का आज?"

अंगण काळं झालं होतं. जाळं बाजूला ओढलेलं आणि मधोमध बेला बसलेली. एकेक सुकेळं उचलून ती कावळ्यांपुढे ठेवत होती, पाहुण्यांना वाढावं तसं. हिल्डा झाडू घेऊन धावली, दिवाकर चप्पल घेऊन. कावळे उडाले ते तोंडात सुकेळी घेऊनच. नेमकी त्याच वेळी प्रेमलता फाटकातून आत आली.

"बेला, हे काय केलंस गं?"

"काऊला खाऊ," बेला म्हणाली. "काऊ चोखणी देणार."

चोखणीशिवाय तिचं बोलणं इतकं स्वच्छ होतं, की रागातही प्रेमलताला गहिवरून आलं. दिवाकर मात्र नजर चुकवत उरलीसुरली सुकेळी गोळा करायला वाकला आणि चोखणी खिशातून टपकन मातीत पडली.

बेलाने टाळ्या वाजवल्या. "काऊने दिली!"

खरं सांगायची दिवाकरची छाती झाली नाही. प्रेमलताने चोखणी धुतली आणि लेकीच्या हातात दिली. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "आता लग्नात काय वाटायचं ते माझ्या भावाला तुम्ही सांगा."

पुढे पाडव्याला बेला मामाच्या घरी खेळण्यात रमली आणि चोखणी तिथेच कुठेतरी विसरली. नेमकी कधी सुटली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कावळे मात्र पुढे कित्येक वर्षं भर दुपारी अंगणात येऊन बसायचे. त्यांची सवय काही दिवाकरला सोडवता आली नाही.