जगबुडव्याची बरणी

रविवारी दुपारी मास्तरनं पडदे ओढले, टेबलावर नकाशा अंथरला, एकच दिवा लावला आणि काळ्या फडक्याखालच्या राक्षसाकडे बघून सुस्कारा सोडला. आज जग बुडवायचं होतं.

मास्तर खरं तर लिफ्ट दुरुस्त करायचा. पण दर रविवारी तो गोष्ट सांगायचा आणि वकील, दंतवैद्य, नर्स फासे टाकून त्या गोष्टीतले शूरवीर व्हायचे, म्हणून हे नाव. आता नर्सला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. खेळ संपवणं भाग होतं, आणि तो संपला की ही मंडळी पुन्हा एकत्र बसायची नाहीत, हे मास्तरला ठाऊक होतं. निदान शेवट तरी अंगावर काटा आणणारा हवा! राक्षस घडवायला घेतला तर माती वाळून दगड झालेली. मग खाली ताईच्या बेकरीतून त्यानं एक मऊ गोळा उचलला, त्यात काळा रंग कालवला, शिंगं काढली. ताईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

"जगबुडव्या झोपलाय," मास्तर खर्जात म्हणाला. "जागा झाला की आधी गावं गिळेल."

"मास्तर," नर्स हळूच म्हणाली, "फडकं हललं."

"वारा असेल."

"खिडक्या बंद आहेत."

वकिलानं फडकं ओढलं. शिंगं गायब होती. सकाळी मुठीत मावणारा राक्षस दिव्याच्या उबेत कलिंगडाएवढा झाला होता आणि नकाशावरची गावं त्याच्या पोटाखाली गेली होती. पाठीवर एक फुगा सावकाश वर आला आणि फुस्स करून फुटला. आंबट वास सुटला.

"कसं करतोयस हे?" दंतवैद्यानं विचारलं. मास्तर खुर्चीसकट मागे सरकला.

वकिलाची सोंगटी कलली आणि हळूहळू आत गेली. "मी फासे टाकलेलेच नाहीत!" वकील ओरडला. "माझी हरकत आहे!"

ती उपटून काढायला दंतवैद्यानं सवयीनं खिशातला चिमटा आत घातला. राक्षसानं चिमटाही सोडला नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. चौघेही किंचाळले. दारात ताई होती.

"माझं आंबवण कोणी नेलं? रोज पोटच्या पोरासारखं खायला घालते मी त्याला!"

"ताई, म्हणजे... हे जिवंत आहे?" मास्तरनं विचारलं.

"मग? त्याच्यावरच माझा पाव फुगतो. घातलं तर वाढतं, उपाशी ठेवलं तर मरतं. थोडं बाजूला ठेवलं होतं म्हणून वाचलास! हे काळं ध्यान आता फेकून दे."

कुणीच उठेना.

"मला एक तुकडा द्या," नर्स म्हणाली.

"मलाही," वकील म्हणाला. "राक्षस मेला नाही, म्हणजे खेळ निकाली निघालेला नाही." ताईनं कपाळाला हात लावला आणि चार बरण्या आणून दिल्या.

नर्स गेली. रविवार सुने झाले. वकील कामात, दंतवैद्य कामात. मास्तर एकटाच बरणीत पीठ घालत बसायचा. मग एका दुपारी नर्सचा फोन आला.

"मास्तर, बरणीचं झाकण घट्ट लावलं होतं मी. आता ते जमिनीवर पडलंय आणि बरणी रिकामी आहे."

"वा!" मास्तर खूश झाला. "टाक फासे."

"मास्तर, मी खेळत नाहीये."

मास्तरनं फडताळावरच्या स्वतःच्या बरणीकडे पाहिलं. झाकण किंचित वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि कितीतरी दिवसांनी चेहरा खुलला.

"कशाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "आम्ही तिघं निघालोच."